विद्यार्थी ऑनलाइन प्रसिद्धी शिकतो म्हणजे काय शिकतो? हळदीच्या विक्रीवरून एक हिशेब



आपला मुलगा किंवा मुलगी कृषी महाविद्यालयात शिकत असेल, तर सुट्टीत घरी आल्यावर "आपली हळद आपण मोबाईलवरून विकू" असे एकदा तरी म्हटले असेल. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांना दोन शंका येतात. अभ्यास सोडून हे पोर मोबाईलवर काय करते, ही पहिली. व्यापाऱ्याला सोडून माल असा खरोखर विकतो काय, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत. एकीत मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न आहे आणि दुसरीत वर्षभराच्या पिकाच्या पैशाचा. नवमाध्यमे व ऑनलाइन प्रसिद्धी या विषयात विद्यार्थी नेमके काय शिकतो आणि त्यातले शेतकऱ्याच्या कामाचे काय, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरणासाठी हळद घेतली आहे. ती नीट वाळवली तर टिकते, पार्सलने पाठवता येते आणि प्रत्येक घरात लागते.

विद्या जुनी, साधन नवे

कृषी विस्तार शिक्षणात एक अभ्यास नेहमी शिकविला जातो. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मका शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला, हे रायन व ग्रॉस या दोन संशोधकांनी २५९ शेतकऱ्यांकडून समजून घेतले व १९४३ साली प्रसिद्ध केले. नव्या बियाण्याची पहिली बातमी सर्वांत जास्त जणांना विक्रेत्याकडून मिळाली होती. परंतु बियाणे घ्यावे असे मनाने घेतले ते मुख्यतः शेजाऱ्याचे पीक पाहून व त्याचे ऐकून. बातमी एकाकडून मिळते आणि भरवसा दुसऱ्याकडून, हा त्यातील धडा होय. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात नवी गोष्ट स्वीकारण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या: जाणीव, आवड, मूल्यमापन, चाचणी व अवलंब.

आपण स्वतः नवीन वाण असाच घेतो. आधी कानावर येते, मग चौकशी करतो, खर्चाचा विचार करतो, चार गुंठ्यांत लावून पाहतो आणि जमले तर क्षेत्र वाढवतो. शहरातील गृहिणी आपली हळद याच पायऱ्यांनी घेते. विद्यार्थी पहिली गोष्ट शिकतो ती हीच. मोबाईलवरील जाहिरात जाणीव करून देते, फार तर आवड निर्माण करते. पुढच्या तीन पायऱ्या मालाने व माणसाने चढायच्या असतात.

पाहणारे किती आणि घेणारे किती

दुसरा धडा हिशेबाचा आहे. "आपला व्हिडिओ दहा हजार लोकांनी पाहिला" असे मुलगा सांगतो तेव्हा घरात आनंद होतो. पण पाहणे म्हणजे विकत घेणे नव्हे. समजा, फेसबुकवर २,००० रुपये भरून हळदीची जाहिरात दिली. ती १०,००० लोकांपुढे गेली. त्यातील २०० जणांनी उघडून पाहिली, ४० जणांनी भाव विचारला आणि ८ जणांनी प्रत्येकी एक किलो मागविली. म्हणजे एक गिऱ्हाईक मिळविण्यास २५० रुपये लागले. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, आपले वेगळे येतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहते.

आता एका किलोचा खर्च पाहू. हळकुंडाचा बाजारभाव १४० रुपये धरा. दळणावळ व दळताना येणारी घट २० रुपये, पिशवी व लेबल १५ रुपये, कुरिअर ७० रुपये. एकूण २४५ रुपये झाले. त्यात जाहिरातीचे २५० मिळविले की ४९५ रुपये होतात. विक्री ४०० रुपयांना केली तर किलोमागे ९५ रुपये घरातून गेले. दहा हजारांनी पाहूनही तोटाच झाला.

परंतु त्याच गिऱ्हाइकाने सहा महिन्यांनी फोन करून पुन्हा एक किलो मागविली, तर त्या वेळी जाहिरातीचा खर्च नाही. ४०० वजा २४५ म्हणजे १५५ रुपये राहिले. पहिल्या वेळचे ९५ वजा जाता ६० रुपये पदरात पडले. १४० रुपये हा बाजारभाव आधीच खर्चात धरला असल्याने हे ६० रुपये बाजारापेक्षा जास्तीचे आहेत. तिसऱ्या वेळेस पुन्हा १५५ मिळतील. यावरून दिसते की, ऑनलाइन विक्रीत पहिले गिऱ्हाईक विकत घ्यावे लागते आणि फायदा दुसऱ्या खेपेपासून सुरू होतो. ज्याचा माल दुसऱ्यांदा कोणी मागवीत नाही, त्याने जाहिरात वाढविली तर तोटाही वाढतो.

म्हणून एक वही ठेवावी. गिऱ्हाइकाचे नाव, गाव, तारीख, वजन, आपला पत्ता त्याला कोठून कळला आणि दुसऱ्यांदा मागणी आली का, एवढे रकाने पुरेत. विद्यार्थी महाविद्यालयात हेच संगणकावर करतो.

काय दाखवावे

विद्यार्थ्यांना फोटो व व्हिडिओ काढण्याचेही शिकविले जाते. येथे शेतकऱ्याची बाजू भक्कम आहे. दुकानदाराजवळ फक्त पुडी असते, आपल्याजवळ सगळी वाट असते. हळदीची काढणी, जेठे गड्डे, बगल गड्डे व हळकुंडे वेगळी करणे, शिजवणे, १० ते १५ दिवस उन्हात वाळवणे, ढोलात पॉलिश करणे, हे सारे आपण रोजचे म्हणून सोडून देतो. शहरातल्या माणसाने ते कधी पाहिलेले नसते. शिवाय ओल्या हळदीच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्साच वाळून हाती येतो, हे त्याला कळले की भावाची घासाघीसही कमी होते.

फोटो सकाळच्या किंवा सावलीतल्या उजेडात काढावा. जो माल पाठवायचा आहे त्याच ढिगाचा काढावा. रंग भडक करून दाखवू नये. पुडी उघडल्यावर रंग फिका निघाला तर गिऱ्हाइकाला भेसळीचा नव्हे, फसवणुकीचा संशय येतो आणि दुसरी मागणी बुडते. उजेडाने हळदीचा रंग व त्यातील कुरकुमीन कमी होते, म्हणून पुडीही उजेड आत न जाणारी असावी.

काय लिहावे, काय लिहू नये

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मोबाईलवर लिहिलेले शब्द हे छापील जाहिरातीइतकेच कायद्याच्या कक्षेत येतात.

१) हळद औषधी आहे हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानतो. तरीही "आमच्या हळदीने कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो" असे लिहू नये. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये अशा रोगांवरील उपचाराची जाहिरात करणे गुन्हा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दंड आहे.

२) प्रमाणपत्र नसताना "सेंद्रिय" शब्द वापरू नये. आपण जे केले ते सरळ लिहावे. उदा. "एकरी अमुक गाड्या शेणखत दिले, अमुक खत दिले." खरी हकिगत मोठ्या शब्दापेक्षा जास्त पटते.

३) कुरकुमीनचे प्रमाण प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय लिहू नये. अहवाल असल्यास त्याचा फोटो द्यावा, त्यावर तारीख व कोणत्या ढिगाचा नमुना होता हे दिसू द्यावे.

४) वायगाव हळदीस २०१६ साली, सांगलीच्या हळदीस २०१८ साली आणि वसमत हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही नावे त्या त्या भागातील मालासाठीच आहेत. त्या भागातील शेतकऱ्यानेही अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी.

५) शेतकऱ्याने हळकुंड नैसर्गिक स्वरूपात विकणे वेगळे आणि दळून पुडी करून विकणे वेगळे. दळलेली हळद सुटी विकता येत नाही, ती पॅक करूनच विकावी लागते. त्यासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो व त्याचा १४ अंकी क्रमांक पुडीवर छापावा लागतो. त्याबरोबर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, किती काळात वापरावी, कमाल किरकोळ किंमत व तक्रारीसाठी फोन नंबर ही माहिती द्यावी.

कोणते साधन निवडावे

सर्व साधने एकदम धरू नयेत. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे ॲप २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यात मालाची यादी, भाव व पत्ता ठेवता येतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकाच वेळी निरोप जातो, परंतु ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठविला आहे त्यालाच तो मिळतो. म्हणून प्रत्येक पुडीत नाव व नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकावी व नंबर साठवून ठेवण्याची विनंती करावी. सुरुवात नात्यातील व गावातून शहरात गेलेल्या माणसांपासून करावी. आयोवातील शेजाऱ्याचे काम येथे तेच करतात.

पैसे घेताना

युपीआयने पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा व पिन टाका" असे कोणी म्हटले, तर तो फसवीत आहे असे समजावे. पैसे जमा झाल्याचा फोटो पाहून माल पाठवू नये, आपल्या खात्यात रक्कम आल्याची खात्री करावी. फसवणूक झालीच तर वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

किती माल असा विकावा

महाराष्ट्रात फळे व भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आला, तेव्हापासून थेट विक्रीची चर्चा वाढली. पण मोकळीक मिळाली म्हणजे गिऱ्हाईक मिळाले असे नाही. हळदीच्या बाबतीत पहिल्या वर्षी एकूण मालाच्या विसाव्या हिश्श्याहून अधिक माल यासाठी ठेवू नये. ४० क्विंटल हळकुंड झाले असेल तर दोन क्विंटल पुरेत. बाकीचा माल नेहमीच्या वाटेने विकून कर्ज व देणी भागवावीत. व्यापाऱ्याशी संबंध तोडू नयेत. दोनशे पुड्या विकणे म्हणजे दोनशे वेळा फोन, वजन, पॅकिंग व पार्सल आले. हे काम घरात कोण करणार, हे आधी ठरवावे. बहुधा ते घरातील स्त्रियांच्या अंगावर पडते. तेव्हा त्यांना विचारून ठरवावे आणि आलेल्या पैशात त्यांचा वाटा धरावा.

मुलाला काय विचारावे

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येऊन राहतात. तो विद्यार्थी आपल्या घरचा असो वा दुसऱ्याचा, त्याला हे काम जरूर सांगावे. मात्र महिन्याच्या शेवटी तीन प्रश्न विचारावेत. एक गिऱ्हाईक मिळविण्यास किती रुपये लागले? दुसऱ्यांदा किती जणांनी मागविले? आणि ज्यांनी मागविले नाही, त्यांनी कारण काय सांगितले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा शेतात किंवा वाळवणाच्या जागी सापडते. माल ओलसर होता, दळण जाडे होते, पुडी फुटली, असे काहीतरी निघते. ते वेळीच कळणे हाही या विद्येचा फायदाच आहे.

या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या विद्यार्थ्याजवळ वहीत लिहिलेली आहेत, तो मोबाईलवर वेळ घालवीत नाही, धंदा शिकतो आहे असे समजावे. ज्याच्याजवळ फक्त पाहणाऱ्यांचा आकडा आहे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत जाहिरातीसाठी पैसे देऊ नयेत, पण वही जरूर घेऊन द्यावी.