स्टॅकला फक्त परतीची वाट ठाऊक असते

सी किंवा सी++ मधला प्रोग्रॅम एकदा कंपाइल झाला की आपण कोणत्या फंक्शनमधून इथवर आलो हे त्याला स्वतःला कळत नाही, त्यासाठी बाहेरून डीबगरच जोडावा लागतो, असं पुष्कळ जण धरून चालतात. प्रत्यक्षात लिनक्सवरच्या जीलिबसी लायब्ररीत ‘बॅकट्रेस’ नावाचं फंक्शन फार पूर्वीपासून आहे. ते स्टॅकवरचे पत्ते गोळा करून एका अ‍ॅरेत भरून देतं. सी++ च्या तर 2023 च्या मानकातच ही सोय आली.

मात्र हाती येतात ते निव्वळ पत्ते. स्टॅकवर फंक्शनची नावं नसतात. नावं शोधायला सिम्बॉल टेबल लागतं, आणि मुख्य प्रोग्रॅममधली फंक्शनं ‘आर-डायनॅमिक’ हा पर्याय देऊन लिंक केल्याशिवाय जीलिबसीला सापडत नाहीत. स्टॅटिक फंक्शनं तेवढं करूनही निनावीच राहतात. फाइल आणि ओळ हवी असेल तर डीबग माहिती आणि ‘अ‍ॅडर-टू-लाइन’ हे साधन लागतं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो स्टॅकला इतिहास समजल्यामुळे. स्टॅकवर लिहिलेलं असतं ते आता कुठे परत जायचंय एवढंच. एखाद्या फंक्शनचं शेवटचं काम दुसऱ्याला हाक मारणं हेच असेल, तर कंपायलर ऑप्टिमायझेशनमध्ये तिथे थेट उडी टाकतो. पहिल्या फंक्शनकडे परतायचं कारणच उरत नाही, म्हणून ते ट्रेसमधून गायब होतं. ते चाललं होतं हे खरं, पण स्टॅकवर त्याची खूण नसते. इनलाइन झालेल्या फंक्शनला तर स्वतःची फ्रेमच नसते; त्याचा पत्ता डीबग माहितीतूनच लागतो. शिवाय परतीचा पत्ता हाक मारणाऱ्या सूचनेचा नसून तिच्या पुढच्या सूचनेचा असतो. म्हणून कधीकधी ट्रेस भलतीच ओळ दाखवतो आणि आपण निर्दोष कोडवर संशय घेत बसतो. पत्त्यातून एक वजा करून शोधलं की बहुधा खरी ओळ मिळते.

ऑप्टिमायझेशन लावलं की स्टॅक वाचताच येत नाही, हेही अर्धसत्य आहे. एक्स86-64 वर जीसीसी कंपायलर तेव्हा मागच्या फ्रेमकडे नेणारा फ्रेम पॉइंटर गाळतो हे खरं, पण सी++ च्या एक्सेप्शनसाठी ठेवलेल्या तक्त्यांवरून फ्रेम उलगडता येतात. ही वाट संथ आहे, आणि प्रोफायलरला तर स्टॅक सतत वाचावा लागतो. म्हणूनच फेडोरा 38 ने 2023 मध्ये आणि उबुंटूने 24.04 आवृत्तीत पॅकेजेससाठी फ्रेम पॉइंटर पुन्हा चालू केले. वेगात थोडी घट येते म्हणून त्याला विरोधही झाला. मला मात्र हा सौदा रास्त वाटतो. वेळ कुठे जातोय हे दिसलंच नाही, तर वेग वाढवायचा कुठे?

क्रॅश झाल्यावर सिग्नल हँडलरमध्ये ट्रेस छापला की झालं, हा समज सर्वांत महागात पडतो. पत्त्यांना नावं लावून देणारं ‘बॅकट्रेस सिम्बॉल्स’ हे फंक्शन स्वतः मेमरी मिळवण्यासाठी मॅलॉक वापरतं. क्रॅश मॅलॉकच्या आतच, कुलूप लागलेलं असताना झाला असेल, तर प्रोग्रॅम मरायच्याऐवजी तिथेच अडकून पडतो. हँडलरमध्ये त्याचं थेट फाइल डिस्क्रिप्टरवर लिहिणारं भावंड, ‘बॅकट्रेस सिम्बॉल्स एफडी’, वापरावं. शिवाय ‘बॅकट्रेस’ची पहिली हाक गरज पडल्यास लिबजीसीसी लोड करते आणि त्यातही मॅलॉक लागू शकतं, म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच ते एकदा उगाच चालवून ठेवावं. आणि स्टॅकच भरून वाहिला असेल तर हँडलरला पाय ठेवायलाही जागा नसते. त्याच्यासाठी वेगळा स्टॅक आधीच नेमून ठेवावा लागतो.