बिबट्याचं पिल्लू की वाघाटी?

ऊसतोड सुरू झाली की ‘फडात बिबट्याचं पिल्लू सापडलं’ असे व्हिडिओ येऊ लागतात. फॉरवर्ड करण्याआधी शेपूट बघा. बिबट्याच्या पिल्लाची शेपूट जाड, ठिपकेदार असते. शेपटीवर ठिपके जवळपास नसतील, अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर पांढऱ्या उभ्या रेघा असतील, तर ती वाघाटी, एक छोटी जंगली मांजर. पूर्ण वाढ झाली तरी जेमतेम दीड किलोची!

रानमांजर म्हणजे बाऊल, ते आणखी निराळं. लांब पाय, अंगावर ठिपके नाहीत, आखूड शेपटीच्या टोकाला काळी कडी. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या ट्रॅप कॅमेऱ्यात रात्री रंग कळत नाही, आकारही फसवतो. तेव्हा शेजारच्या उसाच्या कांड्यांवरून उंचीचा अंदाज घ्यायचा.

आपल्या अकोले खोऱ्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावले होते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 बिबटे निघाले, तेही भरवस्तीच्या शेतशिवारात. बिबटे ओळखून मोजतात ते ठिपक्यांवरून: प्रत्येक बिबट्याचे ठिपके निराळे, शिवाय डाव्या-उजव्या कुशीवरचेही वेगळे. म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीनं लावतात.

आणि हो, पिल्लू कुठलंही असो, उचलू नका. आई जवळच असते. वन विभागाचा हेल्पलाइन नंबर 1926.