यंत्र सोबती कीं धनी?

घरांत नवी चूल मांडतांना जिला तिच्यापुढें बसावयाचें तिला आधीं विचारावें, हा साधा व्यवहार होय. संगणकाच्या बाबतींत मात्र शहाणे लोकहि तो विसरतात.

सन १९८१ ते १९८५ च्या दरम्यान स्वीडन व डेन्मार्क येथील संशोधकांनीं मुद्रण-कामगारांच्या संघाशीं मिळून 'युटोपिया' नामक उपक्रम चालविला. वृत्तपत्राचीं पानें संगणकावर कशीं लावावीं, हा प्रश्न होता. परंतु तशीं यंत्रें अद्याप सहज मिळत नव्हतीं. तेव्हां त्यांनीं फळ्या, कागद व पुठ्ठ्याचीं खोकीं मांडलीं. एका रिकाम्या खोक्यावर 'मेजावरील लेसर-मुद्रक' एवढेंच लिहिलें होतें! कारागिरांनीं त्यांपुढें बसून नित्याचें काम करून पाहिलें, आणि जें शब्दांत सांगतां येईना तें हातांनीं दाखविलें. पुठ्ठा बदलण्यास कात्री पुरे. शिवाय त्यास नांवें ठेवण्यास कोणी भीत नाहीं.

आमच्या शाळेंत हजेरीची संगणक-व्यवस्था आली ती वर्गशिक्षकांस न विचारतां. त्या निर्णयांत आम्हीहि होतों. परिणाम असा कीं, शिक्षक वहींत लिहीत व पुनः यंत्रांतहि भरीत. दोष यंत्राचा नव्हता. ज्याच्या हातीं काम, त्याचा विचार आधीं घेतला तरच यंत्र सोबती होतें. एरवीं तें धनी होऊन बसतें.