कॉपी व्हायला इतका वेळ का लागतो?

आजचा विषय तसा घरगुती आहे. एक्स्टर्नल हार्ड डिस्क आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असते. ती लॅपटॉपला लावायची, फाइली कॉपी करायला टाकायच्या आणि मग ती हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकताना बघत बसायचं. हे असं का होतं, आणि त्यात आपल्या हातात काय असतं, एवढंच आज बघू.

आधी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मावसभाऊ पुण्याला आला होता. त्याचे वडील कीर्तन करायचे. त्यांच्या कीर्तनांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट त्याने डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या, सगळं मिळून ३०० जीबी. गाडीला वेळ होता, माझ्या हातात दीड तास होता. म्हटलं, भरपूर झाला. त्याची केबल गावी राहिलेली, म्हणून मी माझ्या मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल काढून लावली. नीट बसली, डिस्क सुरू झाली. वेग दिसत होता सेकंदाला ३५ एमबी.

आता हिशेब करा. ३०० जीबी म्हणजे ३ लाख एमबी. भागिले ३५. साडेआठ हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन तास वीस मिनिटं! दीड तासात १९० जीबीच्या आसपास आलं, बाकीचं पुढच्या खेपेला म्हणून ठेवलं. पुढची खेप व्हायच्या आत ती डिस्क हातातून पडली आणि बंद झाली. कॅसेट बुरशी लागून आधीच टाकून दिलेल्या. म्हणजे शंभरावर जीबी कीर्तनं गेली ती गेलीच.

तीच डिस्क, तोच लॅपटॉप, पण योग्य केबल असती तर सेकंदाला ११० एमबी मिळाले असते आणि पाऊण तासात काम उरकलं असतं.

केबलमध्ये असं काय असतं? यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. २००८ साली यूएसबी ३.० आलं, त्यात आणखी पाच वाढल्या. नुसत्या चार्जिंगसाठी दिलेल्या बऱ्याचशा केबलींत या वाढीव तारा घातलेल्याच नसतात. टोक तेच, बसतं तसंच, पण आत रस्ता जुना. आणि गंमत म्हणजे तक्रार कोणीच करत नाही, डिस्क आणि लॅपटॉप गुपचूप जुन्या वेगावर उतरतात. आयफोन १५ प्रो हा फोन स्वतः १० गिगाबिटचा, पण त्याच्या खोक्यात येणारी केबल यूएसबी २ ची! तेव्हा डिस्कसोबत आलेली केबल डिस्कलाच बांधून ठेवा.

आता खोक्यावरचे आकडे. ते बिटमध्ये असतात, पडद्यावरचे बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट म्हणजे ६० एमबी, आणि देवाणघेवाणीचा वरखर्च जाऊन हातात पडतात ३५-४०. यूएसबी ३.० चे ५ गिगाबिट म्हणजे ६२५ वाटतील, पण तिथे दर आठ बिटांसाठी दहा पाठवावे लागतात, म्हणून मर्यादा ५००, आणि प्रत्यक्षात चारशे-साडेचारशे.

पण रस्ता रुंद करून बैलगाडी पळत नाही. पोर्टेबल हार्ड डिस्कमधली तबकडी साधारण मिनिटाला ५४०० वेळा फिरते, आणि तिचा स्वतःचा वेग शंभर-सव्वाशे एमबीच्या घरात. ती भरत गेली की लिखाण तबकडीच्या आतल्या भागात होतं, तिथे हा वेग जवळपास निम्म्यावर येतो. अशा डिस्कसाठी १० गिगाबिटची महागडी केबल घेणं म्हणजे पैसे फुकट. तिथे एसएसडी हवी.

त्यातून फाइली बारीक असतील तर विचारूच नका. तबकडीच्या एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. हेड सरकणं आणि हवी ती जागा फिरून येणं, धरा १५ मिलिसेकंद. ५० केबीच्या वीस हजार फाइली, सगळ्या मिळून एकच जीबी. प्रत्येकीला एकच उडी धरली तरी पाच मिनिटं. तोच जीबी एका फाइलमध्ये असेल तर नऊ-दहा सेकंद! म्हणून लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल, तर तिथेच झिप करून मग डिस्कवर टाका. उलट दिशेने मात्र याचा उपयोग नाही, कारण झिप करायलाही त्याच डिस्कला उड्या माराव्या लागतात. तसंच दोन कॉप्या एकदम लावू नका. वेळ वाचत नाही, हेडची नुसती पळापळ होते.

(श्रोत्यांमधून प्रश्न: हब वापरला तर फरक पडतो का?)

पडतो. हबवरच्या सगळ्या वस्तू लॅपटॉपकडे जाणारी एकच वाट वाटून घेतात. शिवाय साधा हब यूएसबी २ चा असला, तर माझ्या त्या केबलसारखीच गत. डिस्क थेट लॅपटॉपला लावा, माउस-कीबोर्ड हबवर जाऊ द्या.

(प्रश्न: पट्टी पूर्ण झाली की लगेच काढली तर?)

नको. काही वेळा पट्टी संपते, पण शेवटचा डेटा अजून मेमरीत असतो, डिस्कवर उतरलेला नसतो. आधी इजेक्ट म्हणा, 'आता काढा' असं आलं, तबकडी थांबली, की मगच हात लावा. तेवढी दहा सेकंदं वाचवायला जाऊ नका.