वाकळेखालचा स्टुडिओ

रात्रीचे साडेअकरा. साताऱ्यातलं आमचं घर. मी पलंगावर बसलेय, डोक्यावरून आजीची वाकळ घेतलीय. लॅपटॉप बाहेर टेबलावर, माइकची वायर तेवढी आत. आणि मी मरतेय. म्हणजे एका व्हिडिओ गेममधली पहारेकरीण मरतेय आणि तिचा आवाज मी देतेय. तिसऱ्या टेकला दारावर थाप पडली.

"अगं, कुणासंगं भांडतीयास एवढ्या रात्री?"

आई होती. टेक वाया गेला. पण दोस्तांनो, या वाकळेखाली मी गेल्या काही महिन्यांत जे शिकले, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कामाचं आहे. नाटकात काम करणाऱ्यांच्या, निवेदनाची हौस असणाऱ्यांच्या आणि ज्यांना 'तुझा आवाज भारी आहे रे' एवढं ऐकून पुढे काय करायचं ते कळत नाही, त्यांच्या तर नक्कीच.

आधी मॉड म्हणजे काय ते सांगते. कंपनीने बनवलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यांनी स्वतः घातलेली भर म्हणजे मॉड. तुमच्या होस्टेलवर रात्र रात्र चालणारं 'काउंटर-स्ट्राइक' हे 1999 मध्ये 'हाफ-लाइफ' या गेमचं मॉड म्हणूनच जन्मलं. 2011 मध्ये आलेल्या 'स्कायरिम'मध्ये तर लोक आजही नवी गावं, नवी माणसं, नव्या गोष्टी घालतायत. मूळ गेममधली सगळी पात्रं बोलतात. मग नवं पात्र मुक्याने नुसता ओठ हलवत उभं राहिलं तर कसं दिसेल? म्हणून मॉड बनवणारे आवाज शोधतात. पात्राचं वर्णन आणि पाच-दहा वाक्यं इंटरनेटवर टाकतात, ज्याला वाटेल त्याने ऑडिशन पाठवायची. तुमचं गाव कुठलं, डिग्री कुठली, हे कुणी विचारत नाही. आवाज ऐकतात, बस्स.

आवाज चांगला, खोली वाईट

माझी पहिली ऑडिशन मी हॉलमध्ये उभं राहून मोबाइलवर केली. दोन ओळींचं उत्तर आलं. अभिनय आवडला, पण तुमची खोली ऐकू येतेय. मला आधी कळेचना. खोली कशी ऐकू येईल?

मग हेडफोन लावून स्वतःचंच ऐकलं. खाली फरशी, मोकळ्या भिंती, खिडकीच्या काचा. माझा आवाज या सगळ्यांवर आपटून परत येत होता आणि माइक दोन्ही पकडत होता. पात्र उभंय बर्फाच्या माळावर आणि आवाज येतोय मोरीतून! पंख्याची एकसारखी घरघर सॉफ्टवेअर बऱ्यापैकी काढून टाकतं. पण असा घुमणारा आवाज नंतर स्वच्छ करणं फार अवघड.

म्हणून पहिला नियम: आधी माइक नाही, आधी खोली. घरात मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागून 'टण्ण' असं काही आलं तर ती जागा बाद. गाद्या, वाकळा, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट जिथे आहे, तिथे टाळी कोरडी वाजते. तोच तुमचा स्टुडिओ. यूएसबी माइक नंतर घेता येतो.

दुसरा शत्रू म्हणजे गोंगाट. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या, गल्लीतली कुत्री आणि गळीत हंगामात फुल्ल आवाजात गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून रात्री अकरानंतर, पंखा बंद करून. सुरुवातीला दहा सेकंद काहीच न बोलता नुसती शांतता रेकॉर्ड करायची. 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर 2000 सालापासून फुकट मिळतंय. त्यातलं नॉइज रिडक्शन त्या शांततेवरूनच खोलीची घरघर ओळखतं आणि कमी करतं. मात्र हात आखडता ठेवा. जास्त साफ केलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

बोलताना तोंड आणि माइक यांच्यात एक वीत अंतर ठेवायचं. माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला धरला की 'प', 'फ', 'भ'चे फटके बसत नाहीत. सर्वांत मोठा आवाजही मीटरवर उणे 6 डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला सहसा शिवता येत नाही. ओरडायचं असेल तर मागे सरका, तोंड जरा वळवा. किंचाळ्या, धापा, मरणं हे सगळं शेवटी ठेवा, नाहीतर पुढची वाक्यं बसक्या घशाने म्हणावी लागतील.

अललडुर्र ते ऑर्क

इंटर्नशिपसाठी मी एसटीने कराडमार्गे सांगलीला येते. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथेच 'सीता स्वयंवर' केलं. त्या काळच्या नाटकांतले राक्षस आरडाओरडा करत रंगमंचावर यायचे. पुढच्या शिकलेल्या पिढीने त्यांना 'अललडुर्र नाटकं' म्हणून नावं ठेवली. आता गेममधला ऑर्क कुऱ्हाड उगारून येतो तेव्हा काय करतो? अललडुर्रच की! शिवाय इथे 1963 पासून आकाशवाणी आहे. श्रुतिकेतला कलाकार कपडे, मेकअप, प्रकाश यांच्याशिवाय, फक्त आवाजावर म्हातारा होतो, पावसात भिजतो, दार उघडून आत येतो. व्हॉइस ॲक्टिंगची शाळा आपल्याकडे आधीपासून आहे, आपण तिला त्या नावाने ओळखत नाही एवढंच.

पण एकांकिकावाल्यांनो, एक सावधगिरी. स्टेजवर आपण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकतो. इथे शेवटची रांग वितभर अंतरावर आहे. ऐकणारा हेडफोन लावून बसलाय, त्याच्या कानात ओरडू नका.

दुसरं म्हणजे समोर सहकलाकार नसतो. वाक्यं एक्सेलच्या तक्त्यात येतात, तीही उलटसुलट. खेळणारा कुठलं वाक्य आधी ऐकेल याचा नेम नाही. समजा वाक्य आहे, 'तू परत आलास?' आनंदाने, संशयाने की कंटाळून? मी प्रत्येक वाक्याआधी तीन प्रश्न विचारते. मी कुणाशी बोलतेय, तो किती लांब उभा आहे आणि आत्ता क्षणभरापूर्वी काय घडलं? मग दोन-तीन वेगवेगळे टेक देते. निवडू दे त्यांना.

आता उच्चारांचं. बहुतेक काम इंग्रजीत असतं आणि आपला 'व' इंग्रजीतल्या दोन वेगळ्या अक्षरांचं काम एकटाच करतो. एकाला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. हा सराव मी बसमध्ये करते, शेजारचे बघत राहतात. पण उच्चार स्वच्छ करणं वेगळं आणि स्वतःचा सूर पुसून टाकणं वेगळं. शाळेत एका वक्तृत्व स्पर्धेनंतर मला सांगितलं गेलं होतं, 'आवाज दमदार आहे, पण बोलण्यात गाव येतं.' ते इतकं लागलं की मी कितीतरी वर्षं बोलताना दुसऱ्याच कुणाची तरी नक्कल करत होते. परवा एका होडीवालीच्या पात्रासाठी तीन टेक पाठवले. दोन 'व्यवस्थित'. तिसऱ्यात आजी जशी वाक्य अर्ध्यात थांबवून समोरच्याकडे बघते, तशी थांबले. निवड तिसऱ्याची झाली. चौदा वाक्यं मिळाली. गाव आलं होतं, म्हणूनच ती होडीवाली खरी वाटली.

पैसे किती?

खरं सांगते, बहुतेक वेळा शून्य. मॉड विकायला गेम कंपन्यांच्या अटी सहसा परवानगी देत नाहीत. त्यामुळे 'गेममध्ये आवाज देऊन महिन्यात लाखो कमवा' असं म्हणत कुणी कोर्सची फी मागितली, तर आधी शंका घ्या. इथे मिळतो तो सराव आणि दाखवायला नमुने. डबिंग, ऑडिओबुक, जाहिराती इथे तेच उपयोगी पडतं. कधी कधी मॉडच मोठं होतं. ऑस्ट्रेलियातल्या निक पिअर्सचं 'द फरगॉटन सिटी' हे 2015 चं 'स्कायरिम'चं मॉड. त्याच्या लेखनाला तिथल्या लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये ते स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आलं. पण असं क्वचित घडतं.

फुकट काम करा, पण आवाज फुकट देऊन टाकू नका. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून एआय तुमच्यासारखं बोलू शकतं. याच मुद्द्यावर अमेरिकेतले गेममधले कलाकार जुलै 2024 मध्ये संपावर गेले होते. म्हणून ऑडिशनबरोबर एक साधं वाक्य लिहून पाठवा, की हा आवाज फक्त या मॉडसाठी आहे आणि एआयला शिकवायला किंवा नक्कल करायला वापरायचा नाही. समोरच्याने होकार लिहून दिला की मगच पुढे जा.

तर आज रात्री एवढंच करा. टाळी वाजवून जागा शोधा, पंखा बंद करा आणि 'तू परत आलास?' हे तीन तऱ्हांनी म्हणून बघा. सकाळी हेडफोन लावून ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा नकोसाच वाटतो, सगळ्यांना वाटतो. दुसऱ्यांदाही ऐका.

आमच्या आईला आता सवय झालीय. परवा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, तर ती दारातूनच म्हणाली, "थांबा जरा, हळू बोला. ती आत मरतीया."