लहान दुकानाची सुरक्षा : कुलूप, भोंगा आणि कॅमेरा

आपल्या समाजातील अनेक तरुणांनी नोकरीची वाट पाहत न बसता स्वतःचा व्यवसाय सुरू केला आहे. मोबाइल दुरुस्ती, किराणा, झेरॉक्स, शिलाई, औषधविक्री अशी कितीतरी दुकाने आज आपल्या वस्त्यांतून दिसतात. कुणी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे कर्ज घेतले, कुणी २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून भांडवल उभे केले, तर कुणी आईचे दागिने गहाण ठेवले. अशा दुकानात चोरी झाली तर माल एका रात्रीत जातो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून दुकान चालविण्याच्या शिक्षणातच ते राखण्याचे शिक्षणही आले पाहिजे. या लेखात आम्ही त्याचीच थोडी माहिती देत आहोत.

प्रथम एक घडलेली हकिकत सांगतो. आमच्या एका सभासद बंधूंचे मोबाइलचे दुकान पहाटे फुटले. चोरांनी पहारीने शटर मधोमध उचकटले आणि मोबाइल व गल्ला घेऊन गेले. दुकानात चार कॅमेरे होते. परंतु चित्रण साठविणारी पेटी, म्हणजे डी.व्ही.आर., काउंटरखालीच ठेवलेली होती. चोरांनी तीही उचलली. मग संशय गेला कामावरच्या मुलावर, कारण नवा माल कोठे ठेवतात हे त्याला ठाऊक होते. चार दिवस तो आणि त्याची आई पोलीस ठाण्यात खेटे घालत होती. पाचव्या दिवशी समोरच्या दुकानाचे चित्रण पाहिले, तेव्हा त्यात तीन अनोळखी इसम गाडीतून उतरताना दिसले. मुलगा निर्दोष ठरला, पण पुन्हा कामावर आला नाही. दुकानाचा माल वर्षभरात भरून निघाला, गेलेला विश्वास मात्र परत मिळाला नाही.

यावरून एक गोष्ट आम्ही शिकलो. कॅमेरा पाहतो, पण तो चोराला अडवीत नाही. अडविण्याचे काम कुलपाचे, हाक मारण्याचे काम भोंग्याचे आणि साक्ष देण्याचे काम कॅमेऱ्याचे. लहान दुकानदाराने पैसाही याच क्रमाने खर्च करावा. बहुतेक ठिकाणी नेमके याच्या उलट घडते. दिसायला छान म्हणून आधी कॅमेरे बसतात आणि शटरची जुनी पट्टी तशीच राहते.

१) चोराला वेळ लागू द्या

चोराला सर्वांत जास्त भीती वेळेची असते. शटरला केवळ दोन्ही टोकांना कुलपे असतील तर मधला भाग पहारीने वर उचलता येतो. म्हणून मध्ये सेंटर लॉक बसवावे आणि शक्य असल्यास आतून जाळीचे दार लावावे. मागची खिडकी, पत्र्याचे छप्पर, पोटमाळा व शौचालयाचा झरोकाही तपासावा. रोकड रात्री दुकानात ठेवू नये. रिकामा गल्ला उघडा ठेवला तर तो फोडण्याचे कारण उरत नाही. महागडा माल लहानशा तिजोरीत ठेवावा आणि ती तिजोरी जमिनीत किंवा भिंतीत बोल्टने पक्की करावी. नाहीतर चोर तिजोरीच उचलून नेतो.

२) भोंगा

विजेवर चालणाऱ्या धोक्याच्या घंटेचे पेटंट अमेरिकेतील बॉस्टनजवळच्या ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ साली घेतले. दार किंवा खिडकी उघडली की विजेचे मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. आजच्या शटर सेन्सरचे तत्त्व त्याच्याशी जवळचे आहे. शटरवर लोहचुंबक व चौकटीवर एक बारीक स्विच असतो. शटर हलले की चुंबक दूर जाते, स्विचची स्थिती बदलते आणि भोंगा वाजतो. दुसरा प्रकार म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या अवरक्त किरणांतील बदल तो टिपतो. काही यंत्रांत सिमकार्ड असते. ते मालकाला व शेजाऱ्याला आपोआप फोन करते. भोंग्याला स्वतःची बॅटरी हवी, कारण वीज तोडून आत शिरणे ही जुनी युक्ती आहे. महिन्यातून एकदा भोंगा वाजवून पाहावा आणि शेजाऱ्यांना तसे आधी सांगून ठेवावे.

३) कॅमेरा

येथे विद्यार्थिनींना एक माहिती आवर्जून द्यावीशी वाटते. घराच्या राखणीसाठी दारावरचा कॅमेरा, आतला पडदा, दुरून उघडणारे कुलूप आणि मदतीची कळ अशी एकत्र योजना न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या कृष्णवर्णीय परिचारिकेने मांडली. कामाच्या वेळा अवेळी आणि वस्तीत पोलीस उशिरा पोहोचत, या अडचणीतून त्यांना ही कल्पना सुचली. पती अल्बर्ट यांच्यासह त्यांनी १९६६ साली अर्ज केला व १९६९ साली पेटंट मिळविले. उपेक्षित वस्तीतील एका कष्टकरी स्त्रीची ही बुद्धिमत्ता आपणही डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे.

कॅमेरा फार उंच लावला तर फक्त टोप्या दिसतात. एक तरी कॅमेरा आत येणाऱ्याचा चेहरा दिसेल अशा उंचीवर, उजेड त्याच्या थेट समोर येणार नाही असा लावावा. चित्रण किती दिवस टिकते याचा हिशेब विद्यार्थ्यांनाही करता येईल. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट साठवीत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जी.बी. जागा लागते. चार कॅमेऱ्यांना ८६ जी.बी. लागते, म्हणजे एक टी.बी.ची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते व जुने चित्रण पुसले जाऊ लागते. पंधरा दिवसांनी चोरी लक्षात आली तर पुरावा उरत नाही. डी.व्ही.आर. पोटमाळ्यावर कुलूपबंद ठेवावा. महत्त्वाच्या एका कॅमेऱ्याचे चित्रण तरी दुकानाबाहेर साठवावे. यंत्रातील तारीख व वेळ बरोबर असावी आणि कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. कॅमेरा असल्याची पाटी दर्शनी भागी लावावी. कपडे बदलण्याच्या जागी किंवा शौचालयात कॅमेरा लावणे हा गुन्हा आहे, हे विसरू नये.

४) हिशेब आणि माणसे

सर्व चोऱ्या रात्रीच्या नसतात. रोजकीर्द न लिहिणाऱ्या दुकानातून थोडा थोडा माल गेला तर तो कधी गेला हेच कळत नाही. रोजची विक्री रोज लिहावी आणि आठवड्याला माल मोजावा. मोबाइलचे आय.एम.ई.आय. क्रमांक व खरेदीची बिले यांची एक प्रत घरी ठेवावी. क्यू.आर. कोडवर दुसरा कागद चिकटविला नाही ना, हे रोज सकाळी पाहावे. हिशेब चोख असेल तर कामगारावर उगाच संशय येत नाही. किल्ली कोणाकडे आहे याची नोंद ठेवणे हा अविश्वास नव्हे. ती नोंद कामगाराचेही संरक्षण करते.

५) चोरी झालीच तर

कशालाही हात न लावता ११२ या क्रमांकावर कळवावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत. माल साठविलेल्या इमारतीतील चोरीला कलम ३०५ अन्वये, तसेच नोकराने मालकाच्या मालाची केलेल्या चोरीला कलम ३०६ अन्वये, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचे असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ डिस्क जपून ठेवावी, त्यात फेरफार करू नये. घरफोडीचा विमा घेताना अटी नीट वाचाव्यात. जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा बहुधा मागतात आणि नोकराची अफरातफर त्यात सहसा येत नाही.

एकट्या दुकानदाराला हे सारे जड वाटेल. परंतु एका गल्लीतील पाच दुकानदारांनी मिळून एक रात्रीचा पहारेकरी ठेवला, रस्त्याकडे तोंड असलेले दोन कॅमेरे लावले आणि एकमेकांचे फोन क्रमांक भोंग्यात भरले, तर खर्च वाटला जातो. आमच्या त्या सभासद बंधूंनी आता हेच केले आहे. डी.व्ही.आर. माळ्यावर आहे, शटरला सेंटर लॉक आहे आणि किल्ल्यांची वही गल्ल्यात आहे. तो मुलगा आज दुसऱ्या गल्लीत स्वतःचे दुरुस्तीचे टेबल चालवितो. त्याच्या शेजारच्या भोंग्यात पहिला क्रमांक त्याचाच आहे. समाजबांधवांनी व विद्यार्थी मित्रांनी या लेखातील एक तरी गोष्ट याच आठवड्यात आपल्या किंवा शेजाऱ्याच्या दुकानात करून पाहावी, एवढीच विनंती.