दार नीट लागले पाहिजे

रस्त्यात जुनी मोटार उभी दिसली की लोक थांबून तिचा रंग पाहतात. आम्ही मात्र अलीकडे दारांच्या फटी पाहू लागलो आहोत. ही खोड आम्हाला आमच्या वस्तीतल्या एका डेंटर मिस्त्रींनी लावली. त्यांचे उभे आयुष्य पद्मिनी टॅक्सीवर गेले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या या गाडीवर किती घरांची चूल पेटली याची मोजदाद कोणी केलेली नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीची २० वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून उतरली. आता मिस्त्रींकडे येतात त्या हौशी मालकांच्या फियाटी, कुजलेल्या, पण पुन्हा नव्यासारख्या करून हव्या असलेल्या.

बाहेरच्याला वाटते, पत्रा ठोकायचा, पुट्टी भरायची, रंग मारायचा, झाले. खरी कसोटी दारे, मडगार्ड आणि बोनेट एकमेकांशी बसवण्यात आहे. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. दाराखालचा आडवा पत्रा पाण्याने कुजलेला असतो. तो कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून चौकट धरून ठेवावी लागते. उतावळा माणूस आधी कापतो, गाडी मधोमध खचते आणि मग दारे कितीही ठोका, लागत नाहीत.

काम मागून पुढे येते. मागचा पत्रा सांगाड्याला जोडलेला, तो हलत नाही, म्हणून मागचे दार त्याच्याशी जुळवायचे. पुढचे दार मागच्या दाराशी, मडगार्ड पुढच्या दाराशी आणि सगळ्यात शेवटी बोनेट. पुढून सुरुवात केली तर सगळी चूक ढकलत ढकलत मागे जाते आणि तिथे सरकायला जागाच उरत नाही. आम्ही कचेरीत हिशेबाची पाने जुळवणारी माणसे, आम्हाला हे लगेच पटले. चुकलेली बेरीज पुढच्या पानावर नेली तर शेवटी ताळा बसत नाहीच.

दार टांगताना रबर काढून ठेवतात. कुलूप ज्यात अडकते तो चौकटीवरचा खटकाही काढतात. खटका असला की लटकलेले दार तो उचलून धरतो आणि बिजागरीतला दोष लपतो. गाडी जॅकवर नको, चारही चाकांवर, इंजिनाच्या वजनासकट उभी हवी. मग बिजागरीचे स्क्रू ढिले करून दार वर-खाली, आत-बाहेर सरकवायचे, लागेल तिथे पातळ पत्र्याचे पॅकिंग घालायचे. फट साधारण ३ ते ५ मिलिमीटर, पण वरपासून खालपर्यंत सारखी. मिस्त्री लाकडाची एक पट्टी तासून ठेवतात आणि ती फटीतून फिरवतात. पट्टी कुठे अडते, कुठे सैल पडते, ते खडूने पत्र्यावर लिहितात. दोन पत्रे एका पातळीत आहेत का हे ते डोळ्यांनी पाहतच नाहीत. हातावर पातळ फडके घेऊन तळवा फिरवतात. फडक्याखाली उंचवटा लगेच जाणवतो. आम्हीही हात फिरवून पाहिला, आम्हाला काही कळले नाही!

बिजागरीने न सुटलेली फट असली तर? फार रुंद असेल तर दाराच्या कडेला बारीक लोखंडी सळई वेल्ड करून कानसीने घासतात. टाके लांब लांब, एकदा इकडे एकदा तिकडे मारायचे. जेमतेम १ मिलिमीटरचा पत्रा, सलग वेल्ड केला तर उष्णतेने आक्रसून वाकतो. रंगाच्या थरांनीही फट थोडी कमी होते, तेवढी जागा आधीच सोडावी लागते. रबर लावून दार पुन्हा तपासायचे तेही रंगाआधी, कारण नवे जाड रबर दाराला बाहेर ढकलते.

"भाऊ, रंग लावला की सगळ्याच गाड्या देखण्या," मिस्त्री म्हणाले. "दार लावून आवाज ऐका, मग कळेल पैसे कशाला मागतो ते." या आवाजासाठी कधी कधी आठवडा जातो. मालक तो आठवडा बिलात धरायला तयार नसतात. आमचे मत स्पष्ट आहे: दारे बसवण्याची मजुरी वेगळी लिहून, काम सुरू होण्याआधी ठरवून घ्यावी.

मालकाला नव्या धाटणीची गाडी हवी असेल तर आधी कायदा विचारावा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीचीच व्हिंटेज म्हणून नोंद होते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला तर ती होत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. छत कापायला सांगणारा मालक नंतर कागद अडले की मिस्त्रींकडेच बोट दाखवतो, म्हणून अशी सांगी लेखी घ्यावी.

घरातल्या बायाबापड्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असते, काहींच्या सांध्यांतही ओतलेले असते. कोरडे घासले की त्याची धूळ उडते, कपड्यांवर बसते आणि घरी येते. लहान मुलांच्या मेंदूला ती सर्वात घातक. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, धुळीचा चांगला मास्क हवा आणि घासकाम पाणी लावून व्हावे. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलावेत, घरी झटकू नयेत, पोरांच्या कपड्यांत मिसळू नयेत. मिस्त्रींच्या वहिनींनी त्यांच्यासाठी वेगळी बादली केली आहे, लाल रंगाची, आणि तिला दुसरे कोणी हात लावत नाही.